वजनाच्या आदल्या दिवशीचं ताट

माझा जीव पहिल्यापासून एका जागी राहणारा नाही. बसले तर उठावंसं वाटतं, उठले तर दारात जावंसं वाटतं, आणि दारात गेले की वाटतं आत काहीतरी उतू जातंय. पण पोरीच्या शिष्यवृत्तीच्या वर्षांनी जी सवय लावली ती वेगळीच. आजही पोस्टमन गल्लीत दिसला की माझा हात कामावरून सुटतो. आता कसली पत्रं यायची आहेत मला? पोरगी स्वतः एका शाळेत पोरांना खेळ शिकवते, तिला पगार आहे, तिचं तिच्या घरी बरं चाललंय. तरी हात सुटतोच.

लोकांना वाटतं, शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे सुटलो. तसं नसतं हो. ती एका वर्षाची असते. वर्ष सरत आलं की परत विचारणा सुरू. पदक आहे का, हजेरी आहे का, परीक्षेत पास आहे का, कुठं हाड मोडलेलं नाही ना. पोरगी तिकडं मॅटवर पडायची आणि मी इकडं दौंडात भाकरी थापताना दचकायचे. अकरावीत तिचा गुडघा सुजला तेव्हा तर मी तिला आधी गुडघ्याचं विचारलंच नाही. डॉक्टरला विचारलं, उभी राहील ना स्पर्धेपर्यंत? पोरगी माझ्याकडं बघत राहिली. असली ती वर्षं. सगळी सांगायला बसले तर संपायची नाहीत, म्हणून मी एकाच दिवसाचं सांगते. हातात अजून काहीच आलं नव्हतं त्या दिवसाचं.

आम्ही दौंडात रेल्वे लायनीपलीकडं दोन खोल्यांत राहत होतो. नव्वदीच्या शेवटाची वर्षं. पोरीचे वडील कुरकुंभला एका केमिकल कंपनीत कंत्राटावर. कधी फस्ट शिफ्ट, कधी सेकंड, कधी नाईट. घरी आले की कपड्यांना असा वास यायचा की पोरगी नाक धरून सांगायची, पप्पा, आधी मोरीत जा. मी अंगणवाडीत मदतनीस. शाळेत मी कधी गेले नाही. पोरीच्या पहिलीच्या पुस्तकावर तिच्या बोटाशेजारी बोट ठेवून वाचायला शिकले. ती दुसरीत गेली तशी मीही दुसरीत गेले. पुढं ती भूमितीत शिरली तिथं मात्र मी थांबले.

अंगणवाडीत माझं काम काय, तर सुकडी वाटायची आणि पोरांची वजनं करायची. तराजूच्या झोळीत एकेक लेकरू टांगायचं आणि काटा बघायचा. काटा वर गेला की बाई खूश, मी खूश, लेकराची आई खूश. नाही गेला की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. वजन वाढलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट मी त्या नोकरीत शिकले होते. आणि माझ्याच घरात नेमकं उलटं चालू झालं.

झालं असं की आमच्या गल्लीपासून जवळच राखीव पोलिसांची लाईन होती. तिथले एक हवालदार संध्याकाळी पोरापोरींना ज्युदो शिकवायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. मॅट कुठली असायला तिथं? सरांनी गोण्यांत उसाचं पाचट ठासून भरलं होतं, त्यावर ताडपत्री. पोरं त्यावर आदळायची आणि घरी येताना केसांत पाचट घेऊन यायची. आमची पोरगी सातवीत असताना बघायला म्हणून गेली आणि तिथलीच झाली. अंगाने काटकुळी, पण समोरच्याला कधी कमरेवर घ्यायची ते कळायचंसुद्धा नाही. शेजारची बाई मला म्हणायची, पोरगी दिली तर सासू जपून राहील बरं का हिची. मी हसायचे, आणि मग रात्रभर त्या लग्नाच्या शब्दावर कुशी बदलायचे. कारण ते शब्द आमच्यात लवकर येतात आणि आले की बसतात.

एके दिवशी सर घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, पुण्याकडं एक निवासी क्रीडा शाळा आहे. तिथं निवड झाली तर बारावीपर्यंत शाळा, राहणं, जेवण, खुराक, ड्रेस, स्पर्धेला जायचं भाडं, सगळं शिष्यवृत्तीत. आपल्याला काही करायचं नाही. पोरीचे वडील तेव्हा नाईट करून आले होते, डोळे लाल. ते म्हणाले, सर, परत एकदा सांगा. सरांनी परत सांगितलं. मग सरांनी राहिलेलंही सांगितलं. पुढच्या वर्षी पोरगी वयात बसणार नाही. आणि त्यांची तुकडी उन्हाळ्याआधी विदर्भात हलणार, म्हणजे दौंडातलं शिकवणं बंद. म्हणजे हीच एक वेळ. आणि जागा होती ती फक्त चाळीस किलोच्या आतल्या गटात. वरच्या गटातल्या पोरी आधीच घेतलेल्या. निवडीच्या दिवशी सकाळी वजन, आणि काटा चाळीसच्या वर गेला तर खेळायच्या आधीच माघारी.

पोरगी त्या वयाची, की खायला बसली तर टोपलं रिकामं करायची. काटा चाळीसच्या आसपास नाचत होता. सर तिला स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात घेऊन जायचे, तिथला काटा खरा म्हणून. काष्टी-श्रीगोंद्याच्या लिंबांच्या गोण्या उतरल्या की मधेच आमची पोरगी काट्यावर उभी राहायची. हमाल म्हणायचे, सर, हा माल कुठं बुक करायचाय? एक दिवस बरोबर, एक दिवस थोडं वर. मी घरी भाकरी लहान थापायला लागले. ती ताटात बघून म्हणायची, आई, ही भाकरी आहे का पापड? दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांना सुकडी भरवायची, खा गं बाई, खा, म्हणून मागे लागायचं, आणि घरी येऊन स्वतःच्या लेकराच्या हातातून तुकडा काढून घ्यायचा. त्या दिवसांत मला झोप म्हणून लागली नाही.

आता निवडीला जातीचा दाखला लागत होता, आणि आमचं मूळ गाव शिरूर तालुक्यातलं, न्हावऱ्याच्या पुढं. म्हणजे दाखला शिरूरच्या तहसिलीतनंच. आमचीच कागदं उशिरा गोळा झाली, त्यामुळे दाखला हातात पडायचा दिवस नेमका निवडीच्या आदला आला. पोरीच्या वडिलांना सुट्टी नव्हती. मी पोरीला घेऊन पहाटेच्या एसटीने निघाले. चौफुल्याला गाडी बदलली. शिरूरला, आमची म्हातारी माणसं अजून घोडनदीच म्हणतात, तिथं स्टँडवर माझे सासरे उभे होते. आबा. डोक्याला पांढरा पटका, खांद्याला कापडी पिशवी, अंगात ठेवणीतला सदरा. त्यांना नातीचं फार. ते पुण्याला यायचं म्हणूनच निघाले होते.

दाखला मिळाला. मला वाटलं, आता सरळ दौंड. पण आबा म्हणाले, "गाडी आपल्या गावावरनंच जातीया. तासभर उतरू. वस्तीतल्या समद्यांस्नी नातीला बघायचं हाय."

मी म्हणाले, आबा, तिला आज खायचं नाही, प्यायचंसुद्धा मोजून. गावात गेलं की लोक खायला घालणार.

"कुस्तीला चालल्यालं पोर उपाशी?" आबा थांबलेच रस्त्यात. "आमच्या जत्रंत पैलवान बदाम खायचं."

"आबा, ही कुस्ती न्हाई. ज्युदो हाय."

"त्यात पाडत न्हाईत व्हय?"

"पाडत्यात."

"मग कुस्तीच."

पोरगी हसायला लागली. तिला गावाला जायचंच होतं. माझं काही चाललं नाही.

विहारासमोर बायका आधीच जमल्या होत्या. आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आमच्याकडं पोरगं परीक्षेला निघालं, नोकरीला निघालं, की घराघरातून त्याच्या हातावर काहीतरी ठेवतात. कुणी दहीसाखर, कुणी गुळाचा खडा, कुणी शेंगदाण्याचा लाडू. एका म्हातारीने तर उकडलेली अंडी आणली होती. बाहेरगावी जाणाऱ्याने ते तोंडात टाकायचं आणि जय भीम म्हणून निघायचं. नाही म्हणायची पद्धतच नाही. कुणाकुणाला म्हणून नाही म्हणणार? ज्या बाईच्या घरी दोन वेळची पंचाईत, तिनेच सगळ्यात मोठा लाडू वळून आणलेला.

मग मी पदर पुढं केला. पोरीने हातात घ्यायचं, जिभेला लावायचं, आणि मी तिच्या हातातून काढून पदरात टाकायचं. बायकांना मी सांगत सुटले की उद्या वजन आहे, जास्त भरली तर बाहेर काढतात. एकीने विचारलं, "आगं, सरकारला जड पोरगी चालत न्हाई व्हय? माझ्या सासऱ्यांनाबी चालत नव्हती, तवा वरातीत गाडीत न घेता मला पायी चालवत आणली." सगळ्या हसल्या. आपलीच माणसं, त्यांनी समजून घेतलं. पदर भरला तसा मी तो आबांच्या पिशवीत रिकामा केला. अंडी, लाडू, गूळ, सगळं एकात एक. माझं सगळं लक्ष एसटीच्या वेळेकडं. मी सारखी रस्त्याकडं बघत होते.

तेवढ्यात सरपंचांच्या घरचा गडी आला. थोरल्या बाईंनी, म्हणजे सरपंचांच्या आईने, पोरीला बोलावलंय म्हणाला. जेवायला.

आबांचा चेहरा मी त्या वेळी बघितला. त्यांनी पटका नीट केला.

हे घर म्हणजे गावातलं मोठं घर. मी नवी सून होते तेव्हा त्यांच्या परड्यात शेंगा फोडायला जायचे. चहा मिळायचा. पण आमच्या कपबश्या गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात. आपली आपण काढायची, आपली आपण धुवून परत ठेवायची. कुणी वाईट बोलायचं नाही. बोलायची वेळच यायची नाही, आम्हाला सगळं माहीत असायचं. आबांनी तर तरुणपणी त्या घराची विहीर खांदलेली, सुरुंग लावून, आणखी चौघांबरोबर. उजव्या हाताचं एक बोट त्यांचं तेव्हापासून वाकडं. पण उभ्या जन्मात त्यांनी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. पुढं काळ बदलला, राखीव जागा आल्या, सरपंच आमच्या लोकांशेजारी खुर्चीवर बसायला लागले. पण ते ग्रामपंचायतीत. घरात ते घरात.

मी हळूच म्हणाले, आबा, नको. तिकडं पदर चालायचा नाही.

"आत बोलावलंय," आबा म्हणाले. एवढंच.

गेलो. खरोखर आत नेलं. माजघरात पाट मांडला होता, पाटापुढं ताट वाढून ठेवलेलं. गव्हाची खीर, पोळ्या, वांग्याची भाजी, आमटी, भात, भातावर तूप. शेजारी पाण्याचा तांब्या. एकच पाट, एकच ताट. पोरीसाठी. थोरल्या बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांची सून वाढायला उभी. आबांना म्हणाल्या, या आत. पण आबा दाराच्या चौकटीपाशीच बसले. मी उभी राहिले, कारण मला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि मलाही कुठं बसावं ते सुचलं नव्हतं.

"बस गं," थोरल्या बाई पोरीला म्हणाल्या. "गावाचं नाव काढणार म्हणं तू."

पोरगी पाटावर बसली. खिरीचा वास घरभर पसरलेला. सकाळपासून तिच्या पोटात अर्धी भाकरी. तिने हात पुढं केला, ताटावर धरला, आणि माझ्याकडं मान वळवून बघितलं. मी आबांकडं बघितलं. आबा ताटाकडं बघत होते. ज्या घराच्या आत आपल्याला कुणी कधी पाण्यालाही बोलावलं नाही, तिथं आपली नात पाटावर बसलीय. त्यांना वजन दिसत नव्हतं, काटा दिसत नव्हता. मला मात्र दुसरं काहीच दिसत नव्हतं. पार्सल ऑफिसातला तो काटा डोळ्यांपुढं डावीउजवीकडं हलत होता. जेवली तर उद्या दारातनं माघारी, मग दौंडातली शाळा, मग दहावी, मग शेजारणीचे ते शब्द. न जेवली तर? आमच्या माणसाने त्या घरी वाढलेलं ताट नाकारलं, हे गावात कसं कसं सांगितलं गेलं असतं, ते तुम्ही गावात राहिला असाल तर तुम्हाला सांगायला नको.

"ऊठ," मी पोरीला म्हणाले.

ती उठली. आणि मी तिच्या जागी पाटावर बसले.

सून चपापली. "अहो, ते तिच्यासाठी वाढलंय."

"व्हय वैनी," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला. "पण तिला उद्या वजन द्यायचंय. काटा वर गेला तर खेळायला बी घेणार न्हाईत, तिची शाळा जाईल. आन् तुम्ही एवढ्या मायेनं वाढल्यालं ताट मला टाकवणार न्हाई. तवा तिचं मी जेवते."

पोळी मोडली, आमटीत बुडवली, तोंडात घातली. घास फिरत होता नुसता. दारात आबांची मान खाली गेलेली. पोरगी भिंतीशी उभी, तिची नजर माझ्या हातावर. मी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. मनात म्हटलं, आता सुरू केलंय तर अर्धं सोडून उठायचं नाही.

थोरल्या बाई माझ्याकडं बघत होत्या. मग सुनेला म्हणाल्या, "खीर वाढ तिला. जीभ चालली तिची, आता हातबी चालू दे."

सून पुढं झाली आणि तिने माझ्या ताटात वरून नाही, वाकून खीर वाढली.

मग थोरल्या बाई पोरीकडं वळल्या. "आन् तू गं, उपाशी राहून कुणाला पाडायची?"

पोरगी म्हणाली, "उपाशी पोरींनाच पाडायचं, आजी. तिथं समद्याच उपाशी असत्यात."

थोरल्या बाई हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या. आजी म्हणायची काही पद्धत नव्हती त्या घरी आमच्या पोरांना, पण पोरगी दौंडात वाढलेली, तिला ते कुणी शिकवलंच नव्हतं.

मी सगळं संपवलं. आणि मग ताट हातात घेऊन उठले, आणि तशीच उभी राहिले. कुठं न्यायचं ते मला कळेना. पाय आपोआप गोठ्याच्या बाजूला वळले होते. सुनेने सासूकडं बघितलं. थोरल्या बाई म्हणाल्या, "ठेव खाली. कुठं निघालीस घेऊन?" मी ठेवलं. ते ताट मागनं बाकीच्या ताटांत गेलं का वेगळं ठेवलं गेलं, मला माहीत नाही. मी पुष्कळ वेळा त्यावर विचार केलाय. पण त्या घटकेला मला एसटी दिसत होती फक्त.

एसटी मिळाली. पण पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. हंगाम चालू होता, दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून गोगलगायीसारखे चाललेले. मी खिडकीतून मान काढून बघायचे, आत घ्यायचे, परत काढायचे. कंडक्टर म्हणाला, मावशी, तुमच्या बघण्यानं ते पळणार न्हाईत. आबा पुढच्या सीटवर. न्हावरं मागं पडलं, पुलावरून भीमा ओलांडली, पारगाव गेलं. चौफुल्याला दुसऱ्या गाडीची वाट बघत उभे होतो तेव्हा ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिनं दोन घास खाल्लं असतं, तर काय जगबुडी झाली असती?"

मला वाटत होतं की ते चुकीचं बोलत नाहीत, आणि मला हेही वाटत होतं की मी परत तेच करीन. दोन्ही एकदम वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पुण्याला जाणाऱ्या शटल गाडीच्या आधी, आम्ही पार्सल ऑफिसात गेलो. पोरगी काट्यावर उभी राहिली, आणि काटा वर. थोडासा, पण वर. मी म्हणाले, असं कसं? काल तर पोटात अर्ध्या भाकरीपलीकडं काही गेलंच नाही. पोरीने मान खाली घातली. मग म्हणाली, "आई, दोन अंडी आन् एक लाडू. तू रस्त्याकडं बघत व्हतीस तवा." मला मारावंसं वाटलं आणि कवटाळावंसं वाटलं. तेरा वर्षांचं पोर, किती धरून ठेवणार तोंड. आबा मागं उभे होते. त्यांनी काटा बघितला, नातीकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात आलं की हे सगळं खरं आहे. मी काही उगाच खूळ घेऊन बसलेले नाही. ते हमालाला म्हणाले, "एवढ्याशा फरकानं काढत्यात व्हय भाईर?" हमाल म्हणाला, "बाबा, काट्याला काय माया."

घाम निघावा म्हणून शटलमध्ये पोरीला दोन स्वेटर घातले, वरून वडिलांचा रेनकोट. आणि डब्याच्या ह्या दारापासून त्या दारापर्यंत चालायला लावलं. पाटस गेलं, कडेठाण गेलं, ती चालतेय. तोंडात चिंचेचं बुटूक, लाळ सुटली की खिडकीतून थुंकायचं, तेवढंच अंगातलं पाणी कमी. पासवाले पत्ते टाकून तिच्याकडंच बघायला लागले. एकजण म्हणाला, आजोबा, पोरीला थंडी वाजतीय का पाऊस येतोय? आबा म्हणाले, "कुस्ती हाय तिची. वाट सोडा." आणि ते उठून गर्दीत पुढं होऊन तिला वाट करून द्यायला लागले. पाण्याची बाटली त्यांनी स्वतःच्या काखेत दाबून ठेवली होती. पोरीने दोनदा मागितली. आबांनी दुसरीकडं तोंड फिरवलं. जिला ते कालपर्यंत बदाम चारायला निघाले होते, तिलाच ते आता पाणी नाकारत होते.

पुण्यात मैदानावर सर आधीच येऊन थांबले होते. पोरीला आत नेलं, पडद्याआड. आम्ही बाहेर. मी किती वेळा त्या पडद्याकडं गेले आणि मागं आले मला ठाऊक नाही. शेवटी सर बाहेर आले आणि त्यांनी नुसती मान हलवली, वरखाली. मागनं पोरगी आली ती सरळ आबांच्या काखेतली बाटली ओढून घेऊन घटाघटा पाणी प्यायली. मी केळी काढली. तिने सालीसकट खाल्ली असती.

तीन लढती झाल्या. पहिली हरली. दुसरी जिंकली, तिसरीत समोरची पोर आमच्यापेक्षा उंच, आणि तिला हिने कमरेवर घेऊन अशी टाकली की आबा उठून उभेच राहिले. "कुस्तीच हाय!" ते सरांना सांगत होते. संध्याकाळी निवडलेल्या पोरींची नावं वाचून दाखवली. वाचणाऱ्या माणसाचा आवाज बारीक, मैदानावर वारा. एकेक नाव गेलं, आमचं येईना. सगळ्यात शेवटी आलं. मला ऐकू आलं नाही, सरांनी माझा हात हलवून सांगितलं.

परतीच्या शटलला गर्दी कमी होती. पोरगी आबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली, तोंड उघडं. मी खिडकीशी. आनंद झाला होता, नाही असं नाही, पण मन पुढं पळत होतं. तिचे कपडे, तिची पेटी, वसतिगृहात रात्री ताप आला तर कुणाला हाक मारील, पुढच्या वर्षी पदक नाही आलं तर. लोणी गेलं, उरुळी गेलं. यवतच्या अलीकडं आबा एकदम म्हणाले,

"भाजीत मीठ कसं व्हतं गं त्यांच्या?"

मला आधी कळलंच नाही कुणाच्या. मग कळलं. मी म्हणाले, "मीठ बरोबर व्हतं, आबा. तिखट जरा कमी. आमटी मातर गोडूस लागली."

"लागणारच," आबा म्हणाले. "पाणी त्याच विहिरीचं. पाणी लागलं तवा म्या तळाला व्हतो. पहिली वंजळ म्या पिली." वाकडं बोट त्यांनी नातीच्या केसांवरून हळूच फिरवलं. "त्याच्यानंतर न्हाई."

गाडी यवतला थांबली. त्या हिसक्याने पोरगी जागी झाली, उठून बसली आणि म्हणाली, खायला आहे का काय?

आबांनी पिशवी मांडीवर घेतली. कालचा गूळ, लाडू, दोन अंडी, सगळं एकमेकांना चिकटलेलं. त्यांनी पटक्याचं टोक मांडीवर पसरून त्यावर सगळं काढलं आणि नातीपुढं सरकवलं.

"खा," ते म्हणाले. "आता कुणी काटा लावत न्हाई."

तिने सगळ्यात मोठा लाडू उचलला. आबांनी गुळाचा एक बारका खडा घेतला, आणि दुसरा माझ्यापुढं धरला. मी तो हातात घेऊन तशीच बसून राहिले. पुढचं स्टेशन कुठलं, कधी येईल, हे बघत.